डोळा, नंबर आणि दोन बिंदू : तपासणीच्या खुर्चीवर नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी नेत्रचिकित्सा अधिकारी आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बसते आणि महिन्यातून दोन-तीनदा गावोगावच्या शिबिरांना जाते. ऑपरेशन सर्जन करतात. नंबर काढणं, डोळ्याचं प्रेशर मोजणं, कुणाला चष्मा देऊन घरी पाठवायचं आणि कुणाला त्याच दिवशी पुढे पाठवायचं हे बघणं, हे माझं काम. खुर्चीवर बसून माणसं जे विचारतात तेच इथे लिहिलं आहे.

आपल्याला दिसतं म्हणजे नेमकं काय होतं?

वस्तूवरून आलेला उजेड आधी डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक काचेतून आत शिरतो. ही काच म्हणजे कॉर्निया. जेमतेम अर्धा मिलीमीटर जाड, आणि तिच्यात एकही रक्तवाहिनी नाही. तिच्यामागे रंगीत पडदा आणि त्याच्या मधोमध बाहुली. बाहुली उन्हात दोन मिलीमीटरपर्यंत आक्रसते आणि अंधारात सात-आठ मिलीमीटरपर्यंत मोठी होते. बाहुलीच्या मागे भिंग, आणि सगळ्यात आत डोळ्याचा पडदा, ज्यावर चित्र उमटतं. ते उलटं उमटतं. सुलट करून समजून घेणं मेंदूचं काम.

उजेड वळवण्याचं काम भिंग करतं असं बहुतेकांना वाटतं. खरं तर डोळ्याच्या सुमारे ६० डायॉप्टर (उजेड वळवण्याच्या ताकदीचं माप) ताकदीपैकी दोन तृतीयांश एकट्या कॉर्नियाची असते. विहिरीत बुडी मारून डोळे उघडले असतील तर याचा अनुभव तुम्हाला आहेच. पाण्यात सगळं भुरकट दिसतं, कारण कॉर्नियाची ताकद तिच्यासमोर हवा असते म्हणून. तिथे पाणी आलं की ती जवळजवळ संपते. भिंगाचं काम बारीक जुळवाजुळवीचं आहे, लांबचं बघताना चपटं होण्याचं आणि जवळचं बघताना फुगण्याचं.

पडद्यावर अंधुक उजेडासाठी सुमारे १२ कोटी पेशी असतात आणि रंग व बारकाव्यांसाठी सुमारे ६० लाख. या सगळ्यांची खबर मेंदूकडे नेणाऱ्या नसेत मात्र तंतू असतात फक्त दहा-बारा लाख. ही नस एकदा सुकली की पुन्हा फुटत नाही. पुढची बरीच उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत.

दोन्ही डोळ्यांनी व्यवस्थित दिसतंय. मग एकेक डोळा झाकून का तपासता?

आधी एक करून बघा. रेघांच्या वहीच्या पानावर एक फुली काढा आणि तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटरवर, त्याच रेघेवर, एक ठळक ठिपका. डावा डोळा हाताने झाका, उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे बघत राहा, आणि पान हळूहळू जवळ आणा. साधारण एक फूट अंतरावर ठिपका नाहीसा होईल. जिथून नस डोळ्याबाहेर पडते त्या जागी पडद्यावर पेशीच नसतात. फ्रान्सच्या मॅरिऑटने सतराव्या शतकात ही आंधळी जागा दाखवून दिली.

आता नीट बघा, ठिपक्याच्या जागी काय दिसतं? काळं भोक दिसत नाही. वहीची रेघ सलग पुढे गेलेली दिसते. मेंदूने ती जागा शेजारच्या रंगाने भरून काढली. आपल्याकडे कमी पडलेलं दिसणं मेंदू असंच भरून काढतो, आणि एका डोळ्याचं दुसऱ्या डोळ्याने भागवतो. त्यामुळे एक डोळा वर्षानुवर्षं जात असतो आणि माणसाला पत्ता नसतो.

एका शिबिरात अठ्ठावन्न वर्षांचे एक शेतकरी जवळच्या चष्म्यासाठी आले होते. त्यांचा उजवा डोळा झाकला आणि तक्ता वाचायला सांगितला. क्षणभर गप्प राहून ते म्हणाले, "मॅडम, लाईट गेली का?" लाईट होती, तक्ता उजळलेला होता. डावा डोळा काचबिंदूने कधीच गेला होता, आणि ट्रॅक्टर चालवण्यापासून पंपाचा कॉक उघडण्यापर्यंत सगळी कामं ते एकट्या उजव्या डोळ्यावर करत होते. तेव्हापासून मी प्रत्येकाला एकेक डोळा झाकायला लावते, जवळच्या चष्म्यासाठी आलेल्यालाही.

नंबर म्हणजे काय? मायनस आणि प्लसमध्ये फरक काय?

मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २४ मिलीमीटर असतो. तो एखादा मिलीमीटर जरी लांब राहिला, तरी लांबचं चित्र पडद्याच्या अलीकडेच तयार होतं आणि अडीच-तीनचा मायनस नंबर लागतो. डोळा आखूड असेल तर प्लस. म्हणजे नंबर हा सहसा आजार नसतो, तो मापातला फरक असतो.

मायनस नंबरचा अर्थ सोपा आहे. एक मीटरला नंबराने भागा. मायनस दोन असेल तर चष्म्याशिवाय अर्ध्या मीटरपर्यंत स्पष्ट दिसतं, मायनस चार असेल तर पाव मीटरपर्यंत. चिठ्ठीवर 'सिलिंडर' आणि 'ॲक्सिस' लिहिलेलं असेल तर कॉर्निया एका दिशेने जास्त वळलेली आहे, चेंडूऐवजी लिंबासारखी. अशा माणसाला उभ्या रेघा स्पष्ट आणि आडव्या पुसट, किंवा उलट, दिसतात. यावरचा चष्मा जॉर्ज एअरी या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने १८२५ मध्ये स्वतःच्याच डोळ्यासाठी बनवून घेतला होता.

तक्त्यावरचं ६/६ म्हणजे जे सहा मीटरवरून वाचता यायला हवं ते तुम्ही सहा मीटरवरून वाचलं. ६/६० म्हणजे चांगल्या डोळ्याला साठ मीटरवरून दिसणारं अक्षर तुम्हाला सहा मीटरवर आल्यावर दिसलं. हा तक्ता हॉलंडच्या स्नेलेन यांनी १८६२ मध्ये काढला, आणि अजून त्याच्यावाचून आमचं पान हलत नाही.

चष्मा लावला की नंबर वाढतो म्हणतात. मुलीला इतक्यात चष्मा लावू का?

लावा. आजच लावा. मुलीची उंची वाढते तसा डोळाही वाढतो, आणि मायनसचा नंबर त्यामुळे वाढतो. चष्मा नसता तरी तो तितकाच वाढला असता, फक्त फळा न दिसता ती वर्गात बसली असती. मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दिल्यानेही वाढ थांबत नाही.

मुलांनी रोज दोन तास मोकळ्यावर, उजेडात घालवले तर मायनस नंबर लागण्याचं प्रमाण कमी होतं, हे आता चांगलं सिद्ध झालं आहे. नंबर फार भरभर वाढत असेल तर डॉक्टर सौम्य ॲट्रोपिनचे थेंब देतात. ते त्यांच्याच देखरेखीखाली घालायचे.

लग्नात अडचण येईल म्हणून मुलीचा चष्मा टाळणारे पालक अजूनही भेटतात. त्यांना मी तिची वही उघडून दाखवायला सांगते. फळ्यावरून उतरवलेली गणितं चुकलेली असतात, आणि पुस्तकातून घेतलेली बरोबर.

गाजर खाऊन किंवा डोळ्यांचे व्यायाम करून नंबर जातो का?

नाही. डोळ्याची लांबी व्यायामाने कमी होत नाही.

गाजराचं महत्त्व वेगळं आहे. 'अ' जीवनसत्त्व कमी पडलं की आधी रातांधळेपणा येतो, आणि लहान मुलांत पुढे कॉर्निया विरघळून डोळा कायमचा जाऊ शकतो. म्हणून नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत 'अ' जीवनसत्त्वाचे नऊ डोस अंगणवाडीत आणि उपकेंद्रात फुकट मिळतात. शेवग्याचा पाला, मेथी, पालक, पपई हे सगळं गाजराइतकंच कामाचं आहे.

चाळिशी चाळिशीतच का लागते?

भिंग जन्मभर वाढत राहतं. कांद्यासारखे थरावर थर चढतात आणि ते कडक होत जातं. दहा वर्षांचं पोर नाकाजवळ धरलेली सुईही बघू शकतं. चाळिशीच्या आसपास भिंगाला तेवढं फुगता येत नाही, मग पेपर हातभर लांब जातो आणि सुईत दोरा ओवायला नातवाला हाक जाते. हे प्रत्येकाला होतं, कुणी सुटत नाही. फक्त थोडा मायनस नंबर असलेली माणसं चष्मा काढून वाचतात, म्हणून ती सुटल्यासारखी वाटतात. आपल्या भाषेने वयाचंच नाव चष्म्याला दिलं, इतकं अचूक नाव मला दुसऱ्या कुठल्या डोळ्याच्या तक्रारीला सापडलेलं नाही.

आमच्या आजीची चाळिशी सुटली! सत्तरीत चष्म्याशिवाय पेपर वाचते. हे कसं?

आजीला घेऊन या. बहुतेक वेळा हा मोतीबिंदू असतो. भिंगाचा गाभा घट्ट होऊ लागला की त्याची ताकद वाढते, डोळा मायनसकडे झुकतो आणि जवळचं फुकटात दिसू लागतं. तिला लांबचं विचारा, रस्त्यापलीकडे कोण उभं आहे ते. आणि पांढरं पातळ तिला पिवळसर दिसतं का, तेही विचारा.

मोतीबिंदू पिकल्यावरच काढायचा ना?

जुन्या पद्धतीत अख्खं भिंग मोठ्या छेदातून काढत, तेव्हा वाट बघायचा सल्ला देत. तो सल्ला गावात राहिला आहे, पद्धत मात्र बदलली. आता रोजच्या कामात अडथळा येऊ लागला की ऑपरेशन करायचं. फार पिकू दिला तर भिंग कडक होऊन ऑपरेशन अवघड होतं, आणि कधी कधी त्यातला द्रव पाझरून डोळ्याचं प्रेशर चढतं. अशा ठणकणाऱ्या डोळ्याने आलेल्या म्हाताऱ्या बायका बघितल्या की वाटतं, सुनेने सहा महिने आधी आणलं असतं तर बरं झालं असतं.

सुश्रुतसंहितेत मोतीबिंदूवरच्या शस्त्रक्रियेचं वर्णन आहे. तेव्हा भिंग काढत नसत, वाटेतून बाजूला ढकलत. उजेड आत यायचा, पण डोळ्याला भिंग उरायचं नाही. १९४९ मध्ये लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी पहिल्यांदा डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलं. महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे ॲक्रिलिक तुकडे घुसले होते आणि डोळ्याने ते सोसले, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी जोडलेल्या ऑरोलॅबने १९९२ पासून हे भिंग भारतात स्वस्तात बनवायला घेतलं, आणि ते गरिबाच्या डोळ्यापर्यंत पोचलं.

लोक 'लेझरने केलं' म्हणतात ते बहुधा फेको असतं, आणि त्यात ध्वनिलहरींनी भिंग फोडून ओढून घेतात. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसलं तर 'मोतीबिंदू परत आला' असं समजू नका. भिंगामागची पातळ पिशवी धुरकटते, आणि ती मोकळी करायला खरोखरच लेझर वापरतात. काम काही मिनिटांचं असतं.

काचबिंदू म्हणजे मोतीबिंदूच ना?

नाही. नावं सख्ख्या बहिणींची वाटतात, आणि या गैरसमजापायी डोळे जातात. मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं, ते बदललं की दिसतं. काचबिंदूत डोळ्यातल्या पाण्याचा निचरा अडतो, बहुतेकांचं प्रेशर वाढतं, आणि नस हळूहळू सुकते. गेलेलं परत येत नाही. ऑपरेशनने नाही, थेंबाने नाही, परदेशात जाऊनही नाही. थेंब घालायचे ते उरलेलं राखण्यासाठी.

डोळ्याचं प्रेशर साधारण १० ते २१ असतं. काहींची नस मात्र याच्या आतल्या प्रेशरनेही सुकते, म्हणून नुसतं प्रेशर बघून भागत नाही, बाहुली मोठी करून नस बघावी लागते. यात आधी बाजूचं दिसणं जातं आणि समोरचं शेवटपर्यंत टिकतं. तक्ता ६/६ वाचणाऱ्याचाही काचबिंदू पुढे गेलेला असू शकतो.

पेशंट मला सांगतात, "थेंब घातले, काही फरक पडला नाही, म्हणून बंद केले." फरक पडला नाही हाच तर थेंबांचा गुण. काल होतं तेवढं आज आहे. ते रोज, त्याच वेळेला, जन्मभर घालायचे. आणि तुम्हाला काचबिंदू निघाला असेल तर सख्ख्या भावंडांना तपासणीला पाठवा, त्यांना धोका जास्त असतो.

एक प्रकार अचानक येतो. डोळा लाल, डोकं फुटेल असं दुखणं, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी, उलट्या. घरचे पित्त म्हणून लिंबूपाणी देत रात्र काढतात. तशी रात्र काढू नका, लगेच दवाखाना गाठा.

शेवटचं, पण फार महत्त्वाचं. खाज येते म्हणून मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब आणून महिनोन्‌महिने घालणाऱ्या तरुण मुलांना काचबिंदू झालेला मी पाहिला आहे. बाटलीवर 'डेक्सामेथासोन', 'प्रेडनिसोलोन' किंवा 'बीटामेथासोन' वाचलं तर डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घालू नका.

शुगर आहे, पण दिसतं चांगलं. तपासणी कशाला?

दिसतं चांगलं तेव्हाच तपासणीचा उपयोग. शुगरने पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या आधी पाझरतात, मग बंद पडतात, आणि या सगळ्या काळात नजर शाबूत असू शकते. नजर कमी झाल्यावर येणारा माणूस उशिरा आलेला असतो. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असेल तर निदान झाल्याबरोबर, आणि पुढे दर वर्षी, बाहुली मोठी करून पडदा बघून घ्या. येताना कुणाला तरी सोबत आणा, नंतर काही तास गाडी चालवता येत नाही.

मुलाचा डोळा थोडा तिरळा आहे. घरचे म्हणतात भाग्याचा आहे. खरं का?

तिरळ्या डोळ्याकडून येणारं चित्र मेंदू बाजूला टाकतो, नाहीतर त्याला एकाचे दोन दिसतील. वर्षानुवर्षं बाजूला टाकला की तो डोळा बघायला शिकतच नाही. याला आळशी डोळा म्हणतात. डोळा सरळ असूनही, एकाच डोळ्याला मोठा नंबर असल्याने तो आळशी राहू शकतो, आणि ते बाहेरून कुणालाच दिसत नाही. उपाय साधा आहे. योग्य चष्मा, आणि रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी, म्हणजे आळशी डोळ्याला काम करावंच लागतं. पण हे सात-आठ वर्षांच्या आत सुरू झालं तर खरा फायदा. म्हणून शाळेत घालण्याआधी एकदा तपासून घ्या.

दोन गोष्टींसाठी याहूनही घाई करा. बाळ चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोहून कमी वजनाचं जन्मलं असेल तर तीस दिवसांच्या आत त्याचा पडदा तपासून घ्या. आणि फ्लॅशच्या फोटोत बाळाच्या एका बाहुलीत पांढरी चमक दिसली तर त्याच आठवड्यात दाखवा, ती कर्करोगाची असू शकते.

डोळे आलेल्याकडे बघितलं की आपलेही येतात?

नुसत्या बघण्याने नाही. हात, टॉवेल, उशी, रुमाल यांतून येतात. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर साथ आली तेव्हा काळे चष्मे खूप खपले, पण खरं काम साबणाने केलं. बहुतेक आठ-दहा दिवसांत आपोआप बरे होतात. दुखणं वाढलं किंवा दिसणं कमी झालं तर मात्र थांबू नका.

ऊस तोडताना पातं लागलं. मध घातला तर चालेल?

नको. मध नको, दूध नको, तूप नको, जुनी बाटली तर नकोच. उसाच्या पात्याची धार कॉर्नियावर ओरखडा काढते आणि पात्यावरची बुरशी त्यात शिरते. तीन-चार दिवसांनी बुबुळावर पांढरट डाग दिसू लागतो. बुरशीची जखम महिना-दोन महिने औषध मागते, आणि स्टेरॉइडचे थेंब घातले तर आगीत तेल. बरी झाली तरी मागे पांढरा वण राहू शकतो, ज्याला आपण डोळ्यात फूल पडलं म्हणतो. हंगामात तोडणीच्या फडावर साधा प्लॅस्टिकचा चष्मा वापरला तरी यातलं बरंच टळतं.

चुन्याचंही इथेच सांगते. तंबाखूच्या चुन्याची पुडी पोराच्या हातात दाबली जाते आणि थेट डोळ्यात उडते. चुना कॉर्नियात आत आत शिरत जातो. दवाखान्यात पळण्याआधी नळाखाली किंवा तांब्याने, पापण्या उघड्या धरून, निदान वीस मिनिटं पाणी सोडा. पोर रडेल, हातपाय झाडेल, तरी सोडा. मग या.

डोळ्यापुढे काळे धागे तरंगतात. घाबरण्यासारखं आहे का?

जुने, मोजके धागे असतील तर नाही. डोळ्यातल्या जेलीचे ते तंतू असतात. पण अचानक पुष्कळ काळे ठिपके, विजेसारखे लखलखाट, किंवा कडेने पडदा ओढल्यासारखं झालं तर पडदा सुटत असू शकतो. त्याच दिवशी दाखवा.

नेत्रदानात पूर्ण डोळा बसवतात का? चष्मा असलेल्याला देता येतो?

दृष्टीसाठी फक्त कॉर्निया बसवतात. म्हणून फूल पडलेल्याला, उसाच्या पात्याने डोळा गेलेल्याला त्याने दिसू शकतं, आणि नस सुकलेल्याला नाही. चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन, मधुमेह, ब्लड प्रेशर, यातलं काही आड येत नाही. फॉर्म भरलेला नसला तरी घरच्यांची संमती पुरते.

मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीची माणसं घरी यायला हवीत. तोवर पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या आणि पंखा बंद करा. काम अर्ध्या तासाचं, पैसे लागत नाहीत, चेहरा विद्रूप होत नाही.

घरच्या घरी डोळा तपासायचा असेल तर?

भिंतीवरच्या कॅलेंडरवर. महिन्याचं पान उलटाल तेव्हा रोजचा चष्मा लावून समोर तीन पावलांवर उभे राहा. तळहाताने एक डोळा झाका, बोटं दाबू नका, नाहीतर झाकलेला डोळा उघडल्यावर काही क्षण धूसर दिसतो. तारखांचे मोठे आकडे वाचा, मग त्याखालचं जेवढं बारीक दिसेल तेवढं. चौकटीच्या रेघा सरळ आहेत की कुठे वाकल्या आहेत, तेही बघा. मग दुसरा डोळा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि शाळेतल्या पोरांनाही उभं करा. दोन डोळ्यांत फरक आढळला तर येताना कोणता डोळा, आणि कोणत्या महिन्यात लक्षात आलं, तेवढं लिहून आणा.